मधाच्या पाण्यात कोणतं व्हिनेगर? मुरवलेला सिरका आणि पांढरी बाटली

मंगळवार पेठेत शेजारच्या काकूंकडं गेले, तर ओट्यावर पाटगावचा मध आणि त्याला लागूनच व्हिनेगरची बाटली. रोज सकाळी कोमट पाण्यात दोन्ही घालून प्यायचं, खोकला जातो, वजन उतरतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मध चांगलाच होता. व्हिनेगर मात्र मंच्युरियनच्या गाडीवर असतं ते, पाण्यासारखं नितळ. मी बाटली फिरवून बारीक अक्षरांतली ओळ दाखवली: सिंथेटिक, ॲसेटिक ॲसिडपासून तयार केलेलं.

मुरवलेला सिरका आणि हे सिंथेटिक, दोन्हीला आपण व्हिनेगरच म्हणतो, तिथंच घोळ होतो. सिरका मुरावा लागतो. उसाचा किंवा सफरचंदाचा रस आधी आंबतो, यीस्टमुळं साखरेचं अल्कोहोल होतं, मग हवा लागली की जिवाणू त्याचं आम्ल करतात. रंग पिवळसर-तपकिरी, वासाला फळाची आठवण. न गाळलेल्या सिरक्यात तळाशी गढूळ तंतू दिसतात. ते बघून नासला म्हणून ओतून देऊ नका, ते त्या जिवाणूंचंच जाळं असतं. सिंथेटिकमध्ये मुरणं नाहीच, कारखान्यातलं ॲसिड पाण्यात मिसळलं की झालं. कांदा मुरवायला ते चालतं.

युनानी वैद्यकातलं सिकंजबीन म्हणजे हेच पेय. फारसीत सिरका अधिक अंगबीन, म्हणजे मध. आपली लिंबाची शिकंजी त्याच नावातून आली. त्यातला सिरका मुरवलेलाच असायचा.

तरी स्पष्ट सांगते, आंबटपणा दोन्हींत एकाच आम्लाचा. जेवणानंतर रक्तातली साखर थोडी हळू चढते ती त्यामुळं. महागडी बाटली आणली म्हणून वजन झरझर उतरत नाही. खोकल्याला आराम पडतो तो मधानं. आणि काकूंना शुगर आहे! मधात सुमारे ८० टक्के साखरच असते, म्हणून त्यांना म्हटलं, रोजचं हे पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ज्यांना प्यायचंय त्यांनी मोठ्या ग्लासभर पाण्यात एकच चमचा सिरका घालावा. नुसता कधीच पिऊ नये, घसा आणि दातांचं वरचं आवरण पोळतं. नंतर चूळ भरावी, ब्रश लगेच करू नये.

निघताना काकू नातवाला बोटानं मध चाटवायला लागल्या. आठ महिन्यांचं बाळ. मी हात धरला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, त्यातल्या जिवाणूंच्या बीजांनी बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो. काकूंनी बोट पदराला पुसलं आणि बरणी वरच्या फळीवर ठेवली.