वाळवंटात पहिला पोहोचला म्हणजे जिंकला?

साताऱ्यात पोवई नाक्यापासून गोडोलीपर्यंत जुन्या जीपचा किंवा डाकार या वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या मोटार रॅलीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "डाकारमध्ये जुन्या गाड्या पळतात, तिथं इंजिनात दम लागतो." दम लागतोच. पण वेग जास्त त्याचा नंबर पहिला, हा समज चुकीचा आहे.

जुन्या गाड्यांची ही स्पर्धा म्हणजे डाकार क्लासिक, ती 2021 मध्ये सौदी अरेबियात सुरू झाली. मुख्य डाकारसोबतच ती भरते, मुक्कामाचे तळही तेच. जुन्या जीप, पिकअप, ट्रक तिथं दिसतात, मात्र मार्ग वेगळा आणि तुलनेनं सौम्य. खरी गोम गुण मोजण्यात आहे. प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून दिलेला असतो आणि तो सेकंदांच्या हिशेबानं पाळायचा. उशीर झाला तर दंडाचे गुण, लवकर पोहोचलात तरी दंडाचे गुण! शेवटी ज्याचा दंड कमी, तो विजेता. म्हणजे शेजारच्या सीटवर घड्याळ आणि रोडबुक (रस्त्याच्या सूचनांची वही) सांभाळणाऱ्याला स्टिअरिंगवाल्याइतकाच मान. (आपल्याकडे त्याला नुसता 'क्लीनर' समजतील.)

दुसरा गैरसमज फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद असेल तरच वाळूत जिंकता येतं असा. पहिल्याच वर्षी क्लासिक जिंकली ती सनहिल बग्गीनं (बग्गी म्हणजे वाळूत पळणारी हलकी, उघडी-वाघडी गाडी), भारदस्त जीपनं नव्हे. मुख्य डाकारमध्येही 1999 आणि 2000 साली फ्रेंच ड्रायव्हर श्लेसरनं फक्त मागच्या दोन चाकांना ताकद मिळणाऱ्या बग्गीनंच बाजी मारली होती. वाळूत हलकं वजन आणि टायरमधली कमी केलेली हवा बरंच काम करून जातात.