एका वृद्धामागे एक जबाबदार माणूस: ग्रामीण विदर्भासाठी काळजी-समन्वयाचा विचार

पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या वृद्धासाठी यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात आज काहीच सोय नाही, असे म्हणता येणार नाही. गावात आशा कार्यकर्ती आहे, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे आणि तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे. पात्र असल्यास ६५ वर्षांपुढील निराधार वृद्धाला श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता, कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे विमासंरक्षण आहे, आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनीही आहे. इतके असूनही त्या वृद्धाच्या पाठीला जखम होते, रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच संपतात, बोटांचे ठसे न जुळल्यामुळे निवृत्तीवेतन अडते आणि सत्तरीला टेकलेली त्याची पत्नी त्याला कुशीवर वळवता वळवता स्वतःच कमरेतून जाते. प्रत्येक यंत्रणा आपल्यापुरते काम करते, मात्र त्या माणसाची सगळी परिस्थिती एकत्र पाहणे हे कोणाचेच काम नसते.

जगात अनेक ठिकाणी ही उणीव भरून काढण्यासाठी जी पद्धत वापरली गेली तिला केस मॅनेजमेंट म्हणतात. मराठीत तिला काळजी-समन्वय म्हणता येईल. तिच्यात नवे यंत्र किंवा नवे औषध नाही. नाते आणि जबाबदारी यांची मांडणी तेवढी बदलते, आणि म्हणूनच तिला सामाजिक नवोपक्रम मानले जाते. दीर्घकाळ आधार लागणाऱ्या एका व्यक्तीमागे एक ठरलेला माणूस असतो. तो घरी जाऊन गरज मोजतो, कुटुंबासोबत बसून काळजीचा आराखडा करतो, सेवा जुळवतो, त्या खरोखर पोहोचल्या का हे पाहतो आणि परिस्थिती बदलली की आराखडाही बदलतो.

यातील मोजणी हा भाग वाटतो तितका साधा नाही. आजाराचे नाव कळल्याने काळजीची गरज कळत नाही. एकाच आजाराच्या दोन माणसांपैकी एक अंगणात चालतो आणि दुसऱ्याला घासही भरवावा लागतो. अमेरिकेतील डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये यासाठी सहा क्रिया निवडल्या: अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. यातील काय स्वतः जमते आणि कशाला दुसऱ्याचा हात लागतो, हे विचारले की गरजेचे खरे माप हाती येते. चांगला समन्वयक याच भेटीत काळजी घेणाऱ्या व्यक्तीचीही विचारपूस करतो, कारण रात्री दर दोन तासांनी उठणाऱ्या बाईची झोप, तिचे गुडघे आणि तिचा रक्तदाब यांवरच सगळा आराखडा उभा असतो.

विदर्भात आराखड्याला आणखी एक गोष्ट धरून चालावे लागेल, ती म्हणजे शेतीचे वर्ष. सोयाबीनची सोंगणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू झाली की घरातील सून पहाटेच बाहेर पडते, आणि आषाढात जमलेली दिनचर्या कार्तिकात कोलमडते. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा प्रश्न वेगळाच असतो. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढून शरीरातील पाणी कमी होते, आणि उठून मोरीपर्यंत जाणे अवघड म्हणून अनेक वृद्ध स्त्रिया पाणी पिणेच टाळतात. अशा आजीला ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगून उपयोग नाही. तिच्या बाजेशेजारी कमोडची खुर्ची आली, तर ती आपणहून पाणी पिईल. म्हणून माझ्या मते इथे आराखड्याचा फेरविचार दर सहा महिन्यांनी असा न ठरवता पेरणी, वेचणी आणि उन्हाळा यांच्या तोंडावर करावा.

या पद्धतीचा जगातील अनुभव दोन गोष्टी शिकवतो. इंग्लंडमधील केंट परगण्यात १९७७ पासून झालेल्या प्रयोगात समाजकार्यकर्त्यांकडे मोजक्याच वृद्धांची जबाबदारी आणि सोबत खर्चाचा अधिकार दिला होता. वृद्धाश्रमातील जागेच्या खर्चाच्या दोन-तृतीयांशापर्यंत रक्कम ते स्वतःच्या निर्णयाने खर्च करू शकत. त्यातून त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना मोबदला देऊन वृद्धांची दैनंदिन कामे जुळवून दिली, आणि तुलनेसाठी निवडलेल्या गटापेक्षा या गटातील कमी वृद्धांना संस्थेत दाखल व्हावे लागले. त्यानंतर १९८० च्या दशकात अमेरिकेत दहा ठिकाणी, ६,००० हून अधिक वृद्धांवर मोठी चाचणी झाली. तिच्यात अपुऱ्या राहणाऱ्या गरजा घटल्या आणि समाधान वाढले, पण एकूण खर्च वाचला नाही, कारण निवडलेल्यांपैकी बहुतेकजण तसेही शुश्रूषागृहात जाणारे नव्हते. आपल्याकडे हा दुसरा धडा विशेष लक्षात ठेवायला हवा. आपल्या खेड्यांत अशी शुश्रूषागृहे जवळजवळ नाहीतच. तेथे काळजीची किंमत पत्नीच्या आणि सुनेच्या बुडालेल्या मजुरीतून वसूल होते, आणि ती कोणत्याच सरकारी हिशेबात दिसत नाही. त्यामुळे सरकारचा पैसा वाचेल असे आश्वासन देऊन ही योजना मांडणे प्रामाणिक ठरणार नाही.

जपानने समन्वयकाची ही भूमिका थेट कायद्यात आणली. एप्रिल २००० पासून तेथे दीर्घकालीन काळजीचा सक्तीचा विमा आहे. घरी राहून सेवा घेणाऱ्यांसाठी केअर मॅनेजर आराखडा तयार करतो आणि दरमहा घरी जाऊन पाहणी करतो. एका व्यवस्थापकामागे सुमारे ३५ वृद्ध, असे प्रमाण तेथे दीर्घकाळ मानले गेले. हे प्रमाण किती काटेकोर आहे, याकडे लक्ष द्यावे, कारण यादी शंभरावर गेली की भेटीची जागा फोन घेतो आणि फोनवर पाठीची जखम दिसत नाही.

अधिकाराचे महत्त्व समजण्यासाठी मात्र परदेशात जाण्याची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळांच्या घरगुती काळजीचे प्रशिक्षण दिले आणि तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी घटले. त्या आरोग्यदूत केवळ ‘दवाखान्यात न्या’ असे सांगत नव्हत्या. जंतुसंसर्ग ओळखून घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचे शिक्षण, साहित्य आणि मुभा त्यांना होती. वृद्धांच्या समन्वयकालाही हेच लागू पडते. त्याच्या हाती काहीच नसेल, तर तो आणखी एक माहिती सांगणारा माणूस ठरेल. संपलेल्या गोळ्या उपकेंद्रातून आणून देण्याची, फिजिओथेरपिस्टची घरभेट ठरवण्याची, तहसील कार्यालयात वृद्धाच्या वतीने पाठपुरावा करण्याची आणि थोडा पैसा स्वतःच्या निर्णयाने खर्च करण्याची मुभा त्याला लेखी असायला हवी. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. अंथरुणाला खिळलेल्या अनेक वृद्धांना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, पण ते काढून देण्यासाठी मागे लागणारा कोणी नसतो.

हे काम आशा कार्यकर्तीच्या माथी मारावे, असे कोणाच्याही मनात प्रथम येईल. तसे होऊ नये, असे मला ठामपणे वाटते. हजार लोकसंख्येमागे एक आशा, तिच्यावर गरोदर माता, बालके, लसीकरण आणि असंख्य सर्वेक्षणे, आणि मोबदल्याचा काही भाग कामागणिक. त्यात पस्तीस कुटुंबांचा सखोल पाठपुरावा बसवणे म्हणजे तो कागदावर ठेवणे होय. ती नोंद करून कळवू शकते, आणि तेवढे तिच्याकडून मोबदल्यासह घ्यावे. समन्वयक वेगळा, पूर्णवेळ आणि पगारी हवा. महिला बचत गटांच्या ग्रामसंघातील अनुभवी स्त्रिया, परिचर्या शिकलेल्या तालुक्यातील मुली किंवा निवृत्त आरोग्यसेवक यांच्यातून तो मिळू शकतो.

आकार किती, हेही मांडता येते. मैदानी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ३०,००० लोकसंख्येसाठी असते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६० वर्षांवरील लोक सुमारे १० टक्के होते, म्हणजे एका केंद्राच्या परिसरात ३,००० वृद्ध. त्यांपैकी विसांत एकाला दैनंदिन क्रियांसाठी कायम मदत लागते असे केवळ हिशेबापुरते धरले, तर १५० घरे होतात आणि जपानी प्रमाणाने चार ते पाच समन्वयक पुरतात. एखाद्या जिल्हा परिषदेने एका केंद्रात वेचणीचा एक हंगाम आणि एक उन्हाळा हे करून पाहावे; पाठीच्या जखमा, चुकलेल्या गोळ्या, अडलेली निवृत्तीवेतने आणि काळजी घेणाऱ्या स्त्रियांच्या बुडालेल्या मजुरीचे दिवस आधी आणि नंतर मोजावेत, आणि ते आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत.