पार्श्वभूमी : जपानी ब्लॅक पाइन, वाफ्यातून कुंडीत

पावसाळा सरत आला की सातारा-सांगलीकडचे बोन्सायवाले, म्हणजे कुंडीत छोटं झाड घडवणारे हौशी, बिया मागवायला लागतात, आणि त्यांत जपानी ब्लॅक पाइनचं पाकीट असतंच. मग घरचे, शेजारचे एकच प्रश्न विचारतात : बियांपासून बोन्साय व्हायला अर्धं आयुष्य जाणार, त्यापेक्षा तयार झाडच का नाही घेत? खरं बोन्साय म्हणजे डोंगरकपारीतून शोधून आणलेलं जुनं झाड आणि बी पेरणं म्हणजे नवशिक्यांचा खेळ, असा समज या प्रश्नामागे असतो. ब्लॅक पाइनच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. हे झाड घरोघरच्या कुंड्यांत पोचलं ते शेतकऱ्यांच्या वाफ्यांमधून.

मुळात हे झाड समुद्रकाठचं. होन्शू, शिकोकू आणि क्युशू या जपानी बेटांचे किनारे आणि दक्षिण कोरियाची किनारपट्टी हे त्याचं घर. खारा वारा, दिवसभर ऊन आणि पाणी धरून न ठेवणारी वाळू यांत ते वाढतं. त्याचं शास्त्रीय नाव पायनस थुनबर्गी. नागासाकीजवळच्या देजिमा इथल्या डच वखारीत 1775-76 मध्ये डॉक्टर म्हणून राहिलेल्या कार्ल पेटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव 1868 मध्ये त्याला दिलं गेलं. जपानी लोकांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी या झाडाला कामाला लावलं होतं. क्युशूवरच्या कारात्सु इथे 17 व्या शतकाच्या सुरुवातीला तिथला सरदार तेराझावा हिरोताका याने समुद्राचा वारा आणि वाळू शेतात घुसू नये म्हणून किनाऱ्यावर पाइन लावून घेतले. ते बन आजही उभं आहे : लांबी साधारण साडेचार किलोमीटर, झाडं सुमारे दहा लाख. गुहागर-आंजर्ल्याची सुरूची बनं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या लागवडीचा हेतू वेगळा सांगायला नको. (सुरूला आपल्याकडे बरेच जण पाइनच समजतात. तो फुलं येणाऱ्या झाडांपैकी आहे, पाइनशी त्याचं काही नातं नाही.)

कुंडीतल्या झाडाची गोष्ट याहून जुनी, आणि ती राजवाड्यांतून सुरू होते. चीनमध्ये शियानजवळ राजपुत्र झांगहुआईच्या थडग्यात 706 सालचं भित्तिचित्र आहे. त्यात सेवकांच्या हातात छोटी झाडं लावलेलं तबक दिसतं. जपानमध्ये 1309 च्या कासुगा देवस्थानाच्या चित्रगुंडाळीत श्रीमंताच्या अंगणात अशा कुंड्या मांडलेल्या आहेत. पुढे शोगुनांचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधाऱ्यांचा शौक, 1923 च्या भूकंपानंतर टोकियो सोडून जवळच्या ओमियाला गेलेल्या बोन्सायकारांनी 1925 मध्ये वसवलेलं गाव, 1934 पासूनचं टोकियोतलं कोकुफु प्रदर्शन, हा सगळा इतिहास बोन्सायच्या कुठल्याही पुस्तकात सापडतो. माझ्या मते ब्लॅक पाइनची खरी गोष्ट तिथे नाही. ती शिकोकू बेटाच्या उत्तर टोकाला आहे.

तिथे सेतो समुद्राच्या काठावर ताकामात्सु नावाचं शहर आहे आणि त्याच्या हद्दीत किनाशी आणि कोकुबुंजी हे दोन भाग. साधारण 200 वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी किनाऱ्यावरचे वाऱ्याने मुरडलेले पाइन खणून आणून कुंड्यांत लावायला आणि विकायला सुरुवात केली. आज जपानमधल्या पाइन बोन्सायपैकी सुमारे 80 टक्के या परिसरातून येतात. एवढी झाडं किनारा कशी पुरवणार? म्हणून शेतात बी टाकून, ओळीने रोपं लावून, तारेने वळणं देऊन झाडं वाढवायची रीत इथे रुजली. बांधापलीकडे भात आणि बांधाअलीकडे गुडघ्याएवढे वळणदार पाइन, असं तिथल्या शेतांचं रूप. हवामानही सोयीचं. जपानच्या मानाने पाऊस कमी, वर्षाला 1,100 मिलिमीटरच्या आसपास. शेतीसाठी लोकांनी हजारो तळी खणून ठेवलेली. जमीन वाळूमिश्रित, पाणी झटकन उतरणारी. ही माणसं कलावंत म्हणून मिरवली नाहीत. पीक घ्यावं तसं त्यांनी झाड घेतलं, खोड जाड होईपर्यंत जमिनीत ठेवलं आणि मग कुंडीत आणलं.

किनाऱ्यावरची झाडं खणून आणण्याचा रस्ता 20 व्या शतकात आणखी अवघड झाला. उत्तर अमेरिकेतून आलेल्या एका सूत्रकृमीने, म्हणजे धाग्यासारख्या बारीक किड्याने, जपानचे पाइन वाळवायला सुरुवात केली. भुंगेऱ्यांबरोबर तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि हिरवंगार झाड एका हंगामात लालसर होऊन मरतं. किनाऱ्यावरची बनंच्या बनं त्यात गेली. वाफ्यातलं रोप हाच मग भरवशाचा माल उरला.

वाफ्यातल्या कामातून आलेली एक युक्ती मला फार मोलाची वाटते. पेरणीनंतर सहा-आठ आठवड्यांत रोप बोटभर होतं. दांडी जांभळट, वर कोवळ्या बीजपत्रांचं चक्र, आणि त्यामधून नुकत्याच डोकावणाऱ्या खऱ्या सुया, म्हणजे पाइनची पानं. अशा वेळी नव्या ब्लेडने दांडी मुळांच्या वरच आडवी कापतात, कापलेलं टोक मुळं फुटायच्या पावडरीला लावून ओल्या वाळूत टोचतात आणि सावलीत झाकून ठेवतात. सोटमूळ गेलेलं असतं, त्यामुळे कापाच्या कडेने चहूबाजूंना नवी मुळं येतात. दहा-पंधरा वर्षांनी बुंध्याशी जो पसरलेला पाया बघून लोक थांबतात, त्याची पायाभरणी इतक्या लहान वयात होते. डोंगरातून आणलेल्या झाडाच्या मुळांवर असं काम करता येत नाही.

दुसरी रीत उन्हाळ्यातल्या छाटणीची. वसंतात ब्लॅक पाइनला उभे, फिकट कोंब येतात. बोन्सायवाले त्यांना कँडल म्हणतात. जून-जुलैमध्ये ते बुडाशी कापले की त्याच जागी दुसरी फूट येते. तिला वाढायला दिवस कमी मिळतात म्हणून सुया आखूड राहतात आणि फांद्या दाट होतात. वर्षातून दोनदा फुटण्याची ही ताकद बऱ्याच पाइनमध्ये नाही, झुबक्यात पाच-पाच सुया येणाऱ्या व्हाइट पाइनमध्ये तर नाहीच. हे सगळं मी तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदार काकांना सांगत होतो. मला अर्ध्यातच थांबवून ते म्हणाले, “म्हणजे एप्रिलची खरड अन् ऑक्टोबरची फळछाटणी. पण येलीत जोर नसंल तर दुसरी छाटणी नडती, तुमच्या झाडाचं काय?” नेमका मुद्दा तोच. खालच्या सुयांत आणि मुळांत साठा असेल तरच दुसरी फूट जोमात येते. अशक्त झाडाची कँडल कापली तर फांदी वाळते. रोप तीन-चार वर्षांचं होऊन धट्टंकट्टं होईपर्यंत या छाटणीचं नावही काढू नये.

आपल्याकडे बोन्सायची हौस मुंबई-पुण्यामार्गे आली. मुंबईत इंडो-जॅपनीज असोसिएशनच्या अभ्यासगटाने कितीतरी जणांना हात धरून शिकवलं, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये पुण्यात ‘बोन्साय नमस्ते’ हे मोठं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून घेतलं ती ओकायामाची, आणि ओकायामाहून सेतो पूल ओलांडला की समोर ताकामात्सुचा प्रांत लागतो. तरी आपल्या गच्च्यांवर वड, पिंपळ, उंबर, जेड हीच झाडं जास्त, आणि ते योग्यच आहे. जुन्या वाड्याच्या भिंतीत किंवा पाण्याच्या टाकीच्या फटीत आलेलं पिंपळाचं रोप काढून लावायचं, ही आपली खणून आणण्याची परंपरा. पाइनला तो मार्गच नाही. सह्याद्रीत पाइन आपसूक उगवत नाही. हिमालयातला चीड आहे तो इथून दीड हजार किलोमीटरवर. परदेशातून माती लागलेलं रोप आणणं वर्ज्य. बियांनाही 2003 च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. ‘बोन्साय सीड्स’ असं छापून निळ्या-लाल पाइनची चित्रं असलेली पाकिटं तर घेऊच नयेत. बोन्साय ही झाडाची जात नव्हे, आणि निळा-लाल ब्लॅक पाइन कुठेच नसतो.

आता झाडाचा हा सगळा पूर्वेतिहास आपल्या जिल्ह्यांवर ठेवून बघू. ताकामात्सु 34 अंश अक्षांशावर, तिथे जानेवारीचं सरासरी तापमान पाच-सहा अंश. सांगली 17 अंश अक्षांशाच्याही खाली आणि तिथे थंडीतही दुपारी 30 अंश चढतात. बियाला लागणारा गारठा त्यामुळे फ्रीजमधून द्यायचा. 24 तास पाण्यात भिजवून बुडालेल्या बिया घ्यायच्या आणि ओलसर वाळूत मिसळून महिना-दीड महिना फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायच्या. जपानात पेरणी वसंतात होते. इथे ती नोव्हेंबरात करावी असं माझं ठाम मत आहे, म्हणजे एप्रिलच्या उन्हाआधी रोपाची दांडी टणक होते. जूनमध्ये पेरलं तर दमट हवेत रोपं बुंध्याशी कुजून एका रात्रीत आडवी होतात.

महाबळेश्वरची थंडी बघून तिकडे मन ओढ घेतं, पण तिथे पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. वाळूत वाढलेल्या या झाडाची मुळं त्यात टिकायची तर वर छप्परच हवं. पूर्वेकडे वाईला उतरेपर्यंत पाऊस कितीतरी पटींनी कमी होतो, म्हणून वाई, कोरेगाव, सातारा शहराचा पूर्व भाग हे पाइनसाठी मधले, बरे प्रदेश. कृष्णाकाठची काळी भारी माती मात्र कुठेही नको. ऊस तिच्यावर पोसतो, पाइनची मुळं तिच्यात गुदमरतात. जपानमध्ये भाजल्यासारखी दाणेदार अकादामा माती वापरतात. इथे चाळून घेतलेले विटांचे तुकडे, नदीची जाड वाळू आणि खडीची कच यांवर काम भागतं. बारीक भुकटी चाळून फेकायची, ती राहिली की पाणी अडतं. कुंडी बदलताना मुळांभोवती पांढरी बुरशी दिसली तर ती धुऊन टाकू नये. पाइनच्या मुळांबरोबर नांदणारी ती बुरशी त्याला पाणी आणि अन्न मिळवून देते.

कँडल कापायची तारीख मात्र जपानहून उचलता येत नाही. ताकामात्सुचे शेतकरी शरदातल्या थंडीपासून उलटे दिवस मोजून, साधारण शंभर दिवस आधी कात्री चालवतात. आपल्याकडे वाढ थांबवणारी थंडीच नाही. म्हणून दुसरी फूट दिवाळीपर्यंत पक्की होईल इतका वेळ ठेवायचा, आणि ज्या वर्षी झाड सुस्त दिसेल त्या वर्षी कात्री लावायचीच नाही.