टू-एचमध्येही फोर बाय फोर डिझेल पिते?

कोल्हापुरात जीप घ्यायची म्हटलं की कट्ट्यावर एक वाक्य ठरलेलं: "भावा, फोर बाय फोर नको, चारी चाकं डिझेल पित्यात!" अर्धंच खरं आहे. थारसारख्या गाडीत फोर बाय फोरचा लिव्हर टू-एचवर, म्हणजे दोन चाकांच्या मोडवर, असताना इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि पुढच्या डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचं) वजन तेवढं सोबत फिरतं. त्यानं फरक पडतो, पण थोडा.

खरं डिझेल जातं हवेशी झगडण्यात. उभी काच, चौकोनी तोंड, वर हौसेनं बसवलेला कॅरिअर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कागलकडं जाताना हायवेला ८० ऐवजी १०० नं गेलात की तो ५६ टक्के जास्त.

टायरची गंमत तर वेगळीच. २४५/७५ आर१६ मापाचे टायर काढून २६५/७५ बसवले की चाक सुमारे ४ टक्के मोठं होतं. मीटर मोजतो चाकाचे फेरे, म्हणून तो १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १०४ चाललेली असते. टाकी फुल्ल करून हिशोब मांडणाऱ्याला ॲव्हरेज पडलेलं दिसतं, आणि शिव्या खातो बिचारा लिव्हर. (जाड नक्षीचे मड टायर खरंच जास्त पितात, ते निराळं.)