यकृताचा टोलनाका

“परमिट रूमला आमचा विरोध आहे. बिअर शॉपी असेल तर चालेल, बिअर म्हणजे काय दारू नव्हे!” साताऱ्याजवळच्या आमच्या गावात परवाच्या ग्रामसभेत एक जाणते गृहस्थ उठून हे बोलले आणि निम्म्या सभेने माना डोलावल्या. तडजोड सगळ्यांनाच आवडते. त्याआधीचा पाऊण तास, परवाना मागितलेल्या गाळ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत नेमके किती मीटर भरतात, यावर गेला होता. टेप आणली होती. ती फाटकाच्या अलीकडच्या खांबाला लावायची की पलीकडच्या, यावरून दोन तट पडले. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मोजमापाबद्दल एवढा जिव्हाळा माझ्या प्रयोगशाळेत कधी दिसला नाही.

मीटरचं हे वेड आमच्याच गावाला आहे असं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश दिला. मार्च २०१७ च्या अखेरीस, २०,००० पर्यंत लोकवस्ती असलेल्या ठिकाणी ते अंतर २२० मीटरवर आलं. त्या धांदलीत केरळातल्या एका बारवाल्याने दारापुढे भिंती घालून अशी नागमोडी वाट बांधली, की गिऱ्हाइकाची पायपीट वाढली आणि बार मात्र होता तिथेच राहिला. सरळ रेषेतलं अंतर आणि पायी चालायचं अंतर यांतला फरक नववीच्या मुलांना शिकवताना मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

शाळकरी पोरांच्या रोजच्या वाटेवर दुकान नको, हे बरोबरच आहे. त्यासाठी अंतराची अट हवीच. पण घोट एकदा घशाखाली उतरला की शरीराला मीटर कळत नाहीत. त्याला कळतात ग्रॅम आणि तास, आणि ग्रामसभेत या दोहोंबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

ग्रॅमचं गणित पाचवीचं आहे. स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीत ६५० मिलिलिटर द्रव असतो. बाटलीवर ८ टक्के लिहिलं असेल तर त्यात ५२ मिलिलिटर अल्कोहोल झालं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, एका मिलिलिटरचं वजन ०.७८९ ग्रॅम; म्हणजे बाटलीत साधारण ४१ ग्रॅम. आता व्हिस्की घ्या. तिच्यात ४२.८ टक्के. साठ मिलिलिटरचे दोन पेग म्हणजे १२० मिलिलिटर, त्यात ५१ मिलिलिटर अल्कोहोल, वजन साडेचाळीस ग्रॅम. म्हणजे ‘दारू नव्हे’ अशी एक बाटली आणि दोन मोठे पेग तराजूत समोरासमोर बसतात. रेणूही एकच, इथेनॉल. तो बार्लीतून आला की मळीतून, हे यकृत विचारत नाही. बिअर सावकाश पितात, त्यामुळे चढायला वेळ लागतो, एवढंच काय ते तिच्या बाजूने बोलता येईल.

जाता जाता, हे ४२.८ असं विचित्र कुठून आलं? इंग्रजांच्या काळात मद्याचा कस बंदुकीच्या दारूवर लावत. मद्याने भिजवलेली ती दारू तरीही पेटली तर मद्य ‘प्रूफ’ला उतरलं. पुढे तो कस ५७.१ टक्क्यांवर पक्का केला गेला. त्याचा पाऊण हिस्सा काढा, ४२.८ येतो. बाटल्यांवर ‘२५ अंडर प्रूफ’ लिहितात ते याच हिशेबाने. गंमत म्हणजे मराठीत या दोन्ही पदार्थांना दारूच म्हणतात.

आता तास. माझा खरा जीव अडकलाय तो इथे.

आपण घेतो त्या बहुतेक औषधांना शरीर टक्केवारीने बाहेर काढतं. रक्तात जास्त असेल तर जास्त वेगाने, कमी असेल तर हळू. ठरावीक तासांत निम्मं, पुन्हा तेवढ्याच तासांत उरलेल्याचं निम्मं. दारूचंही असंच होत असेल, रात्री भरपूर झाली तरी झोपेत बरीचशी उतरत असेल, असं आपण मनात धरून चालतो. दारू तशी उतरत नाही.

कोल्हापूर-कऱ्हाडकडून पुण्याला जाताना आनेवाडीचा टोलनाका लागतो. दिवाळीची सुट्टी संपतानाचा रविवार आठवा. लेन ठरलेल्या आहेत, एका गाडीला लागणारा वेळ ठरलेला आहे. मागे पन्नास गाड्या असोत की पाचशे, नाक्यातून तासाला बाहेर पडणाऱ्या गाड्या तेवढ्याच. रांग वाढली म्हणून नाका भरभर चालत नाही. यकृतात असाच एक नाका आहे. अल्कोहोल डिहायड्रोजनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तिथे बसलेलं असतं. ते इथेनॉलच्या रेणूतून हायड्रोजन काढून त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. हे महाविषारी, दुसरं विकर लगेच त्याचं अ‍ॅसिटेट करतं आणि ते पुढे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जातं. काढलेला हायड्रोजन उचलायला एनएडी नावाचे हमाल लागतात. हमाल मोजके, एकाने ओझं टाकून परत यावं तेव्हा पुढचा रेणू सुटतो.

ज्यांना सूत्रांचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, मला मात्र सोडवत नाही. विकराचा वेग असा काढतात: कमाल वेग गुणिले रक्तातलं प्रमाण, भागिले प्रमाण अधिक एक स्थिरांक. ज्या प्रमाणाला विकर निम्म्या वेगाने चालतं, तो हा स्थिरांक. अल्कोहोलसाठी तो १०० मिलिलिटर रक्तात ५ मिलिग्रॅमच्या आसपास धरू, म्हणजे अगदीच इवलासा. आता आकडे घाला. रक्तात १५० मिलिग्रॅम असताना १५० भागिले १५५, म्हणजे कमाल वेगाच्या ९७ टक्के. ५० असताना ५० भागिले ५५, म्हणजे ९१ टक्के. ३० असताना ८६. प्रमाण पाच पटीने घसरलं तरी वेग जेमतेम दहा-अकरा टक्क्यांनी कमी झाला. विकराच्या सगळ्या जागा एका पेगातच भरतात, पुढचं सगळं रांगेत. म्हणून कागदावर आलेख काढला तर उतार जवळजवळ सरळ रेषेत येतो, आणि अगदी तळाशी, शेवटच्या थेंबांना, तो वाकतो. जीवशास्त्रात एवढी सरळ रेषा क्वचितच भेटते.

या रेषेचा उतार साधारण तासाला १५ मिलिग्रॅम. माणसागणिक तो १० ते २० असू शकतो, रोज पिणाऱ्यांत याहूनही जास्त. रक्तात किती चढेल हे काढायची रीत स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९३२ साली मांडली: अल्कोहोलचे ग्रॅम भागिले शरीराच्या वजनाचा पाण्याने व्यापलेला हिस्सा. हा हिस्सा पुरुषांत साधारण ०.६८, बायकांत ०.५५.

साठ किलोचा माणूस, व्हिस्कीची एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर. अल्कोहोल ६१ ग्रॅम, साठचा ०.६८ हिस्सा ४१; ६१ भागिले ४१ म्हणजे लिटरला दीड ग्रॅम, अर्थात १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १५० मिलिग्रॅम. रात्री अकराला हे सगळं रक्तात उतरलंय असं धरा. बाराला १३५, एकला १२०, तीनला ९०, पाचला ६०. सकाळी सातला ३०. मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमाची मर्यादा बरोबर ३० आहे. शून्यावर यायला नऊ वाजतात. हेच औषधासारखं दर दोन तासांनी निम्मं झालं असतं, तर तीनलाच ३७ वर आलं असतं आणि पाचच्या आत मर्यादेखाली. म्हणजे रात्री घरी परतताना पोलिसांना घाबरणारा माणूस सकाळी दूध घालायला, ऊस भरायला, पोरांची व्हॅन चालवायला निघतो तेव्हा निर्धास्त असतो, आणि तेव्हाही त्याच्या रक्तात मर्यादेइतकी दारू असते. सराईत म्हणतात, ‘मला काही होत नाही.’ मेंदूला सवय झालेली असते एवढाच त्याचा अर्थ. फुंकायच्या यंत्रात एक प्लॅटिनमचा सेल असतो. श्वासातल्या अल्कोहोलपासून तो वीज तयार करतो, आणि त्याला कुणाची सवय लागत नाही.

मग ताक, लिंबू, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ? यांतलं काहीही नाक्यावर जादा लेन उघडत नाही. पिण्याआधी पोटभर जेवलं तर दारू सावकाश चढते, हे खरं. पण एकदा रक्तात आली की घड्याळाशिवाय इलाज नाही. कॉफीने फक्त झोपाळू पिणारा जागा पिणारा होतो. आणि एसटीत, भिंतींवर चिकटवलेल्या जाहिरातींतल्या त्या ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ वाल्या पुड्या. अंगारा असेल तर पैसे गेले, बाकी काही नाही. पण डायसल्फिरामसारखं औषध असेल तर प्रकरण गंभीर. १९४८ साली डेन्मार्कमध्ये दारूवर पुढे आणलं गेलेलं हे औषध दुसऱ्या विकराची वाट अडवतं, मग ते विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड तुंबतं: चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं. डॉक्टर ते रुग्णाला सांगून, तपासून देतात. भाजीत कालवून देणं म्हणजे जिवाशी खेळ. अंधश्रद्धा आणि व्यसन यांच्याशी एकाच वेळी लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्याच साताऱ्याचे. त्यांनी उभं केलेलं ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र इथेच आहे. पुडीवर घालवायचे पैसे तिथे जायच्या रिक्षाला पुरतात.

परवान्याकडे परत येऊ. आपल्याकडे परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि उत्पादन शुल्क खात्याच्या हातात असतो, गावाच्या हातात आडवी बाटली. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. जावळी तालुक्यातल्या बायकांनी हे करून दाखवलंय. इंग्लंडमध्ये शेजारपाजारचा कुणीही नगरपालिकेकडे एखाद्या परवान्याच्या फेरविचाराची मागणी करू शकतो, आणि पालिका परवाना पूर्ण रद्द न करता त्याच्या अटी, वेळा बदलू शकते. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात २००८ साली मध्यवस्तीतल्या १४ पबांची बंद व्हायची वेळ पहाटे पाचवरून तीनवर आणि मग साडेतीनवर आणली. शेजारच्या भागाच्या तुलनेत तिथल्या रात्रीच्या मारामाऱ्या ३७ टक्क्यांनी घटल्या. एकही पब जागचा हलला नव्हता, एक मीटरसुद्धा नाही.

तासाला १५ च्या उताराने पाहिलं तर दुकान एक तास आधी बंद होणं म्हणजे सकाळी सातच्या रक्तात १५ मिलिग्रॅम कमी. मी सभेत एवढंच म्हटलं की अंतराबरोबर वेळेचीही ओळ ठरावात घाला. जाणते गृहस्थ म्हणाले, “सर, आता तुम्ही तास सुरू करू नका.” सभा हसली. मीही हसलो. विषय पुढच्या सभेवर गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा एक मुलगा घरी आला. माझा जुना विद्यार्थी. वजन ७५ किलो, शनिवारी दोन स्ट्राँग बिअर, गणित करून द्या म्हणाला. ८२ ग्रॅम भागिले ५१, म्हणजे १६१ मिलिग्रॅम. तीसवर यायला पावणेनऊ तास. त्याने बोटांवर उलटं मोजलं. “पाळी सातची. म्हणजे शेवटचा घोट सव्वादहाच्या आत.”

“ते यकृत पंधराने चाललं तर,” मी म्हटलं. “दहाने चालत असेल तर तेरा तास. संध्याकाळचे सहा. आणि तीसवर म्हणजे काही शून्यावर नव्हे.”

तो जरा वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, “सहाच्या आत कोण पिऊन मोकळं होतं, सर?”