छोटे मित्रोपोलिस, अथेन्स

ग्रीसची राजधानी अथेन्स येथील मध्ययुगीन ऑर्थोडॉक्स चर्च. शहराच्या जुन्या भागात, मित्रोपोलेओस चौकात, मुख्य कॅथेड्रलच्या, म्हणजे महाधर्माध्यक्षांच्या चर्चच्या, दक्षिणेला ते उभे आहे. लांबी सुमारे १२ मी. आणि रुंदी साडेसात मी.; शेजारच्या भव्य वास्तूमुळे ते आहे त्याहूनही लहान भासते. पानाजिया गोर्गोएपिकोओस, म्हणजे भक्ताची हाक लगेच ऐकणारी माता मरिया, हे त्याचे जुने नाव. आज ते संत एलेफ्थेरिओस यांच्या नावाने ओळखले जाते.

चौरसात क्रूस बसवलेला आराखडा आणि वर अष्टकोनी बैठकीचा घुमट, ही रचना अथेन्समधील इतर बायझंटाइन, म्हणजे मध्ययुगीन पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातल्या, चर्चमध्येही दिसते. वेगळेपण आहे ते भिंतींत. त्या काळी दगड आणि विटा मिळून बांधकाम होई. इथे वीट फक्त घुमटाला वापरली असून बाकी सगळा संगमरवर आहे, आणि तोही जुन्या इमारतींतून काढून आणलेला. भिंतींचा खालचा भाग साध्या चिऱ्यांचा आहे. वरच्या भागात मात्र सुमारे ९० कोरीव शिल्पपट बसवलेले आहेत. त्यांत प्राचीन ग्रीक आणि रोमन काळातले तुकडे आहेत, तसेच क्रूस, पक्षी आणि समोरासमोर उभे प्राणी कोरलेले बायझंटाइन पटही आहेत. जागोजागी साधलेली सममिती पाहता, दगड आयता मिळाला म्हणून भिंतीत घातला एवढ्यावर या मांडणीचा उलगडा होत नाही. बांधणाऱ्यांनी हे तुकडे निवडून, विचारपूर्वक लावले आहेत.

यांतील सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे पश्चिम दरवाजाच्या वरची शिल्पपट्टी. ते प्राचीन अथेन्सचे दगडी पंचांगच आहे: महिने, राशी आणि त्या त्या महिन्यातले सण आकृतींतून क्रमाने येतात. शरद ऋतूतल्या सणासाठी लोकर आणि फळे बांधलेली फांदी घेऊन निघालेला मुलगा त्यात आहे, कोंबड्यांची झुंजही आहे. अथेना देवीच्या पॅनाथेनाइआ उत्सवात देवीचे वस्त्र मिरवणुकीने नेणारे चाकांवरचे जहाजही येथे दिसते. हे जहाज कसे असावे याची कल्पना देणारे पुरावे फार थोडे असल्याने अभ्यासकांना या पट्टीचे विशेष महत्त्व वाटते. ख्रिस्ती काळात पट्टीवर क्रूस कोरले गेले, त्यांतला एक नेमका जहाजावर आला. तरीही मूळ आकृत्या ओळखू येतात. जुन्या धर्माच्या सणांची ही पट्टी फोडून न टाकता प्रवेशद्वारावर ठेवली गेली, म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोहोचली.

चर्चच्या काळाविषयी मतभेद आहेत. बाराव्या शतकाचा उत्तरार्ध हे रूढ मत. ते बहुधा मिखाएल खोनिआतीस यांच्याशी जोडले जाते. ११८२ च्या सुमारास अथेन्सचे महाधर्माध्यक्ष झालेले हे विद्वान प्राचीन अथेन्सच्या वैभवाची आठवण काढून हळहळत. त्यांचे कॅथेड्रल म्हणजे ॲक्रोपोलिस टेकडीवरचे पार्थेनॉन, अथेना देवीचे प्राचीन मंदिर; तेव्हा तेही मरियामातेचे चर्च होते. त्यांच्या अभिरुचीशी या भिंती जुळतात, पण हा थेट पुरावा नव्हे. कला-इतिहासकार बेन्टे किलेरिख यांनी चर्च पंधराव्या शतकात, १४३६ नंतर, उभारले गेल्याचे मत मांडले आहे. त्या वर्षी अथेन्सला आलेल्या चिरिआको द’आंकोना या इटालियन प्रवाशाने नोंदवलेला शिलालेख पुढे या चर्चमध्ये बसवलेला आढळतो, हा त्यांच्या मताचा आधार.

ऑटोमन तुर्कांच्या राजवटीत पार्थेनॉनची मशीद झाली. महाधर्माध्यक्षांचे निवासस्थान या चर्चजवळ होते, त्यावरून ‘छोटे मित्रोपोलिस’, म्हणजे छोटे कॅथेड्रल, हे नाव पडले. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धानंतर, १८३९ च्या सुमारास, येथील उपासना थांबली आणि वास्तूत शहराचे सार्वजनिक ग्रंथालय ठेवण्यात आले. १८६३ मध्ये तिथे पुन्हा उपासना सुरू झाली.

दरम्यान शेजारी नवे कॅथेड्रल उभे राहिले. १८४२ मध्ये पायाभरणी झालेली ती वास्तू १८६२ मध्ये पूर्ण झाली, आणि तिच्यासाठी पाडलेल्या ७२ चर्चचा संगमरवर वापरल्याचे सांगितले जाते. जुन्या दगडांवर दोन्ही वास्तू उभ्या आहेत. पण ते दगड पूर्वी कशाचे होते, हे वाचता येते ते छोट्या चर्चच्याच भिंतींवर.