चक्का की सावर क्रीम: डिपमधला घट्टपणा येतो कुठून?

दोन्ही पांढरं, दोन्ही आंबट, दोन्ही चमच्याला धरून राहणारं. त्यामुळे डिपच्या रेसिप्यांमध्ये सर्रास लिहिलेलं असतं, "सावर क्रीम घ्या, नसेल तर चक्का, एकच आहे." आणि खाली कोणीतरी विचारतंच की मग हे हेल्दी आहे ना, आणि उत्तर येतं हो हो, दह्याचंच तर आहे. पुन्हा पुन्हा हेच वाचून वैताग आलाय. चवीला एकाच्या जागी दुसरं चालतं, मान्य. पण चाळिशीनंतर कोलेस्टेरॉल, वजन आणि स्नायू या तिन्हींकडे बघून चारच्या भुकेला गाजर-काकडी घेऊन बसायचं ठरवलं असेल, तर त्या वाटीत काय आहे यानं खूप फरक पडतो.

चक्का तुम्हाला माहितीये, दही फडक्यात बांधायचं, पाणी निथळायचं, झालं. ग्रीक योगर्ट म्हणून जे मिळतं तेही मुळात तेच, निथळलेलं दही. सावर क्रीम मात्र दह्यापासून होत नाही. दुधावरची क्रीम घेतात, तिला विरजण लावतात, ती आंबते आणि दाट होते. म्हणजे आंबवणारे जिवाणू साधारण एकाच कुळातले, पण सुरुवातीचा माल वेगळा. एकीकडे दूध, दुसरीकडे दुधातलं फॅट.

आता खरा घोळ इथे आहे, आणि तो घट्टपणाचा आहे. घट्ट आणि मऊसूत काही जिभेला लागलं की आपण धरून चालतो की ते मलईदार, म्हणजेच जड. किंवा उलट, आंबट आहे म्हणजे दही, म्हणजे हलकं. दोन्ही अंदाज चुकतात, कारण घट्टपणा दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतो.

दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं. दूध आंबलं की हे केसीन एकमेकांना धरून जाळं विणतं आणि त्या जाळ्यात पाणी अडकून बसतं, त्यालाच आपण दही लागलं म्हणतो. चक्का करताना जाळं तिथेच राहतं, पाणी खाली जातं, म्हणून उरलेल्या ऐवजात प्रोटीन दाटतं. साध्या दह्यात १०० ग्रॅमला साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, तर चांगल्या निथळलेल्या दह्यात ८ ते १० ग्रॅम. सावर क्रीमचा दाटपणा मुख्यतः फॅटच्या बारीक कणांचा, १०० ग्रॅममध्ये १८ ते २० ग्रॅम फॅट आणि प्रोटीन जेमतेम अडीच ग्रॅम. कॅलरी म्हणाल तर सावर क्रीमला २०० च्या घरात, फॅट काढलेल्या दुधाच्या चक्क्याला साधारण ६०.

आणि डिप कोणी मोजून खात नाही. वाटी समोर असते, गप्पा चालू असतात, एकेक गाजर बुडवता बुडवता १०० ग्रॅम कधी संपलं कळत नाही. सावर क्रीमच्या एवढ्या ऐवजात सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारं फॅट, १० ग्रॅमच्या आसपास असतं. २००० कॅलरीच्या आहारात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा धरली तर दिवसाला साधारण २२ ग्रॅम बसतं, म्हणजे जवळपास अर्धा कोटा सोबतीच्या वाटीत गेला, जेवण अजून व्हायचंय. शिवाय या वयात स्नायू हळूहळू घटत असतात, बायकांमध्ये पाळी जायच्या सुमाराला हाडांची झीजही वाढते, आणि मधल्या वेळच्या खाण्यात प्रोटीन बहुतेक नसतंच. तिथे चक्का खरंच उपयोगी पडतो. (किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा.)

पण चक्का म्हणजे फॅट नाहीच, असंही डोक्यात ठेवू नका. केसीनच्या जाळ्यात फॅटही अडकतं, ते पाण्याबरोबर वाहून जात नाही. साडेतीन टक्के फॅटच्या अर्धा किलो दह्याचा पाव किलो चक्का उरला तर त्यात फॅट सातेक टक्के झालं. सावर क्रीमपेक्षा बरंच कमी, आणि सोबत प्रोटीनही दाटलंय, म्हणून मला चालतं. कोलेस्टेरॉलवर लक्ष असेल तर सरळ कमी फॅटच्या दुधाचं दही लावा. अजून एक, निथळलेल्या पाण्यात कॅल्शियमचा मोठा भाग निघून जातो कारण आंबटपणामुळे तो आधीच पाण्यात उतरलेला असतो. हाडांसाठी सगळी भिस्त चक्क्यावर ठेवू नका आणि ते पाणी ओतूनही देऊ नका, पीठ मळायला किंवा सूपमध्ये वापरा.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. गरम पदार्थात सावर क्रीम कमी फाटते, चक्का लवकर फाटतो, पण डिप आपण गार खातो. आंबटपणा उन्नीस-बीस.

विकतचं घेणार असाल तर डब्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते बघू नका, मागची माहिती बघा. "ग्रीक स्टाइल" लिहिलेल्या डब्यात कधी कधी साधं दही स्टार्च किंवा जिलेटिन घालून दाट केलेलं असतं. १०० ग्रॅमला प्रोटीन ८ ग्रॅम किंवा जास्त असेल तर निथळलेलं समजा, ३-४ ग्रॅम असूनही चमचा उभा राहत असेल तर दाटपणा दुसऱ्या कशाचा तरी आहे. आणि साखर घातलेलं, फ्लेवरवालं दही भाज्यांच्या डिपला घेऊच नये.

आता करायचं कसं. रात्रभर टांगायची गरज नाही, रात्रभर टांगलेला चक्का डिपसाठी फार कोरडा होतो. पातळ फडकं चाळणीत, खाली भांडं, दही ओतून फ्रिजमध्ये दोन तास पुरे. त्यात भाजून साल काढलेली लाल सिमला मिरची अगदी बारीक चिरून घाला, किंवा पालक गरम पाण्यातून काढून घट्ट पिळून, किंवा किसलेली काकडी. काकडीला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि जीव खाऊन पिळा, हे टाळलंत तर अर्ध्या तासात डिपचं सूप होतं. मग ठेचलेला लसूण, मिरपूड, शेपू किंवा पुदिना, चमचाभर ऑलिव्ह ऑइल. लिंबाचा रस मी घालत नाही, चक्का आंबट आहेच आणि रसानं उगाच सैल होतो, वास हवा असेल तर लिंबाची साल किसा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते, मिक्सर लावू नका. गुळगुळीत होईल म्हणून लोक सगळं भांड्यात टाकून फिरवतात आणि मग पातळ झालं म्हणून मेयोनीज घालून दाट करतात, म्हणजे इतकं करून परत तेलाचीच वाटी. पात्यानं ते केसीनचं जाळं तुटतं, तुटलं की पूर्वीसारखं जमत नाही. भाजी वेगळी वाटून घ्या हवी तर, चक्क्यात मिसळताना फक्त चमचा. मीठ खायच्या आधी घाला आणि बेतानंच, दिवसभराचं सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत राहायचं असतं आणि ब्लड प्रेशर याच वयात डोकं वर काढतं.

फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस छान राहतं. कच्चा लसूण मात्र दुसऱ्या दिवशी उग्र होतो, म्हणून जास्तीचं करून ठेवायचं असेल तर लसूण भाजून घाला. वर पाणी सुटलेलं दिसलं तर फेकू नका, चमच्यानं हलवून घ्या. आणि बुडवायला चिप्स नकोत, गाजर, मुळा, काकडी, ब्रोकोलीचे तुरे जाडसर कापा, बारीक काप वाटीतच मोडतात.